बाणांच्या उलट

लेकाकडे, इकडे परदेशात टूनगॅबीला, मी तीन महिन्यांसाठी आले होते. फेब्रुवारीत आले, मार्चमध्ये विमानं बंद झाली आणि आता ऑक्टोबर उजाडला. लेकाच्या घरात कसली आलीये कैद, असं म्हणाल. म्हणा बापडे! तिकडे पुण्यात आमचे हे एकटे. मध्यंतरी बाथरूममध्ये घसरले, तेसुद्धा मला शेजारच्या सुनीतीकडून कळलं. स्वतः एका शब्दाने बोलले नाहीत.

रोज सकाळी मी सारंगला विचारायची, "स्पेशल विमानाची मेल आली का रे?" आणि तो म्हणायचा, "नाही गं आई, अजून नाही."

त्या रविवारी मात्र स्वारी भलतीच उत्साहात. "आई, चल. गावाकडे लोकांनी आपल्या बागा बघायला उघड्या ठेवल्यात. स्प्रिंग आहे!" पृथ्वीच्या या टोकाला ऋतूही उलटे, ऑक्टोबरात वसंत. सुनेने, दीप्तीने, दहीभात भरला, वेगळं दही घेतलं, मिरच्या तळल्या. डोंगर ओलांडून दरीतल्या एका गावात पोचलो. एरवी गाडीत दीप्तीची टकळी चालू असते, आज गप्प होती.

फाटकाशी टोपीवाल्या बाईंनी नावं लिहून घेतली, हातावर सॅनिटायझर ओतलं. वाटेवर जागोजागी पिवळे बाण. बाणामागून चालायचं, मागे फिरायचं नाही, कोव्हिड रूल. घ्या, म्हणजे बागेतसुद्धा दाराला कडीच!

खोटं कशाला बोलू, बाग सुंदर होती. मांडवभर जांभळे घोस लोंबत होते, विस्टेरिया म्हणतात त्या वेलीला. माझा हात सवयीने पूजेसाठी चार फुलं खुडायला गेला. पुण्यात सकाळी फिरायला मी पिशवी घेऊनच निघते. "आई! हात नको लावूस," सारंग दबक्या आवाजात ओरडला. बरं बाबा, नाही लावत. निदान ह्यांना तरी दाखवावीत म्हणून फोन काढला. तिकडे त्यांच्या सकाळच्या दुसऱ्या चहाची वेळ झाली होती. बघते तर रेंजच नाही.

"इथे नाहीच येत," सारंग म्हणाला. "टेकडीवरच्या चर्चपाशी जावं लागतं. संध्याकाळी घरी गेल्यावर बोल ना."

पुढे रोपं विकायला मांडली होती. दीप्तीने एक कुंडी उचलली. "पिओनी आहे, आई. पुढच्या ऑक्टोबरला फुलेल म्हणे. तुम्हीच लावा, तुम्ही असालच बघायला."

"पुढच्या ऑक्टोबरला? मी? इथे?"

तिने जीभ चावली. सारंगकडे बघितलं आणि रडवेली झाली. "मला नाही जमत हे, सारंग. सांग त्यांना."

मेल शुक्रवारीच आली होती. गुरुवारच्या विमानात मला सीट मिळाली होती. आज चारपर्यंत हो म्हणायचं, नाहीतर ती दुसऱ्या कुणाला. आणि माझा लेक मला फुलं दाखवत चार वाजायची वाट बघत होता. बिनरेंजची बाग शोधून काढली होती पठ्ठ्याने!

"पुण्यात बेड मिळत नाहीयेत गं आई. तू इथे सेफ आहेस. आणि बाबाच म्हणाले, तिला पाठवू नकोस."

"म्हणणारच ते! भूक लागली तरी नको म्हणणारा माणूस आहे तो. उद्या त्यांना काही झालं तर मी काय करू? तुमच्या टीव्हीवर बघू?"

बाण तळ्याकडे दाखवत होते. मी वळले आणि आल्या वाटेने तरातरा फाटकाकडे निघाले.

"अदर वे, लव्ह!" टोपीवाल्या बाई ओरडल्या.

"नो वरीज!" म्हटलं आणि चालत राहिले.

दोघं मागोमाग आली, मी गाडी टेकडीवरच्या चर्चपाशी घ्यायला लावली. थांबली तेव्हा चारला थोडाच वेळ होता. सारंगने मेल उघडली आणि नुसता बसून राहिला. "माझ्याने नाही होत गं. तुला काही झालं तर मला येताही येणार नाही. बॉर्डर बंद आहे."

माझा राग कुठल्या कुठे गेला. पोर घाबरलं होतं. घाबरले तर मीही होते. ह्यांच्याकडे जायचं म्हणजे याला सोडायचं, आणि पुन्हा भेट होईल की नाही, देव जाणे.

मी पिशवीतून दह्याचा डबा काढला. "तू शिकायला इकडे निघालास, तेव्हा दारात तुझ्या हातावर दही घातलं होतं मी. सुखरूप जा, परत ये म्हणून. तुला सोडवत मलाही नव्हतं. पण घातलं की नाही?"

"घातलंस."

"मग?" मी तळहात पुढे केला.

त्याने आधी फोनवर मेलमधलं 'हो'चं बटण दाबलं. मग चमचाभर दही माझ्या हातावर घातलं. निम्मं साडीवर सांडलं. दीप्ती पुसायला लागली, तिला म्हटलं, राहू दे.

"परत ये हं, आई," सारंग म्हणाला.

"येईन हो," मी म्हटलं. तोही तेव्हा असंच म्हणाला होता.