नळीतलं धुकं

दिव्याच्या मागे काळं कापड टांगून सासूने त्याची टोकं चिमट्यांनी आवळली आणि खुर्ची पुढे ओढली.

"कापडामागे तू, इकडे मी," ती सुनेला म्हणाली. "कुठली नळी ठेवलीस ते मला कळता कामा नये."

"मॅडम, खरंच गरज आहे का याची?"

"आहे."

घरी आई आणि प्रयोगशाळेत मॅडम, हा नियम सुनेने लग्न झाल्यावर स्वतःच घालून घेतला होता आणि तो कधी मोडला नव्हता. बाकीची मंडळी मॅडमना पाठीमागे फौजदार म्हणत. मॅडमना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

काम तसं साधं. जाड काचेच्या बंद नळीत एक मिश्रण. खाली द्रव, वर त्याचीच वाफ, मधे स्वच्छ रेघ. नळी हळूहळू तापवत नेली की रेघ पुसट होते, सगळं दुधाळ होतं आणि मग रेघच उरत नाही. द्रव कुठला आणि वाफ कुठली, हे विचारण्यातच अर्थ राहत नाही. आणखी तापवलं की नळी पुन्हा आरपार दिसू लागते. ते दुधाळपण नेमकं किती तापमानाला येतं, एवढंच शोधायचं होतं. फौजदारांचा आकडा दुसऱ्या एका प्रयोगशाळेच्या आकड्याहून अर्ध्या अंशाने कमी भरत होता. त्या लोकांचं मिश्रण अशुद्ध असणार, असं मॅडमनी ठणकावून सांगून टाकलं. सुनेची मापं त्या परक्या आकड्याशी जुळली, तेव्हा "लक्ष कुठे असतं तुझं?" म्हणून चारचौघांत तिची खरडपट्टी काढली आणि मापं बाद केली. शोधनिबंध आज संध्याकाळी पाठवायचा होता.

आणि आज सकाळी घरी, पाण्याने भरलेल्या साध्या ग्लासातही सासूला धुकं दिसलं. कुणाला काही न सांगता ती कामावर आली आणि आल्या आल्या हे कापड शोधून काढलं. हात झटकून मोकळं होणं तिच्या स्वभावात नव्हतं.

दोन नळ्या होत्या. एक नेमकी दुधाळ होण्याच्या तापमानावर धरलेली, दुसरी त्याहून थोडी गरम, म्हणजे स्वच्छ. रेघ दोन्हींत नव्हती, तेव्हा ओळखायचं ते फक्त धुक्यावरून. सुनेने अदलाबदल करत एकेक नळी कापडाखालून दिव्यासमोर सरकवायची आणि सासूने सांगायचं.

"दुधाळ."

कापडामागे खुडबुड झाली.

"दुधाळ. पुढची."

ती पुढे वाकली, इतकी की नाक नळीपुढच्या संरक्षक काचेला टेकलं.

"दुधाळ," ती पुन्हा म्हणाली. आवाज चढला होता. "दुधाळ. हीसुद्धा."

सून कापडाआडून बाहेर आली. तिने हातमोजे काढले आणि उगाचच नीट घडी घालून ठेवले.

"सगळी बरोबर, आई."

सासूने चष्मा काढून मांडीवर ठेवला. "म्हणजे प्रत्येक वेळी तू तीच नळी ठेवलीस?"

"तीच आली हाताला."

"मी अदलाबदल करायला सांगितलं होतं. आणि इथे मी तुझी आई नाही. कितीदा चुकले?"

"दिवाच जरा..."

"दिव्याला नावं ठेवू नकोस. कितीदा?"

"तीनदा," सून म्हणाली. "तीनदा नळी स्वच्छ होती. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"वाटलंच. फार वाटलं." तिने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "तुला आधीपासून ठाऊक होतं?"

"संशय होता. तुम्ही हल्ली जिना उतरताना कठडा धरता."

"मग तोंडाला काय कुलूप लागलं होतं?"

"मापं दिली होती ना माझी, ती बाद झाली," सून हळूच म्हणाली.

भरल्या खोलीत त्या मुलीने खाली मान घालून ऐकून घेतलं होतं, तो चेहरा सासूला आत्ता लख्ख आठवला. तिची तिलाच लाज वाटली. ती उठली, सुनेचा दंड धरून तिला खुर्चीत बसवलं. त्या खुर्चीत आजवर दुसरं कोणी बसलं नव्हतं.

"निबंध संध्याकाळी जायचा आहे, मॅडम."

"जात नाही. त्या लोकांनाही मीच कळवते, मिश्रण तुमचं चांगलं आहे, डोळे माझे बिघडलेत म्हणून. डोळ्यांचं डॉक्टर बघतील." तिने चिमटे काढून कापड खाली ओढलं. "नवी नळी घे. पहिल्यापासून करू. सगळी मापं, एकही सोडायचं नाही."

"आज?"

"आज नाही तर कधी? चल, नीट बस. पाठ ताठ."

नळी बसवली, दिवा लागला. सासू पलीकडच्या स्टुलावर, तापमानाच्या बटणापाशी जाऊन बसली. स्टूल डुगडुगत होतं. रोज सून त्यावर कशी बसत असेल, असं तिच्या मनात आलं. आकडा चढत गेला. सून पापणी न हलवता बघत होती.

"वाढवू का गं?" सासूने विचारलं.

"थांबा, मॅडम. रेघ आहे अजून."

बटणावरचा हात तसाच ठेवून सासू थांबली.