कापलेला आलाप

गल्लीत त्यांना फीतवाले म्हणत. घराच्या मागच्या खोलीत त्यांचा स्टुडिओ होता. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, मधोमध एक माइक आणि फीत फिरवणारं जुनं यंत्र. तिथं त्यांच्या बायकोनं उभा जन्म गाणी गायली, त्यांनी ती टिपली, कॅसेटी निघाल्या, घराघरांत वाजल्या. मग लोक गाणी फोनवर उतरवून घेऊ लागले. दुकानांनी आधी कॅसेटींचा कोपरा मोडला, मग दुकानंच मोडली. त्याच सुमारास बायकोच्या गळ्याची शस्त्रक्रिया झाली. जीव राहिला, आवाज गेला. उरली ती नुसती कुजबुज.

लेकीनं आईची गाणी कॉम्प्युटरवरून विकायला ठेवली. रोज संध्याकाळी आई भुवई उचलून विचारायची, घेतलं का कुणी? लेक नजर चुकवायची. आई भिंतीकडे तोंड करून पडायची. अलीकडे जेवणाचं ताटही तसंच परत यायचं.

एकदा लेकीनं बापाला बाजूला घेऊन कारण सांगितलं. घेणाऱ्याला आधी गाण्याची सुरुवात नमुना म्हणून ऐकवतात. आईचं प्रत्येक गाणं लांबलचक आलापानं उगवायचं. शब्द येईपर्यंत ऐकणारा पसार.

एक गाणं अजून जगानं ऐकलं नव्हतं. दवाखान्यात जाण्याच्या आदल्या दिवशी ती ते गायली होती, 'दार लोटू नको बाई, कुणी यायचं राहिलं.' त्याची कॅसेट निघालीच नाही. फीत तेवढी एक, डब्यात झोपलेली. लेक म्हणाली, अख्खं कॉम्प्युटरवर घेते, मग सुरुवातीचा आलाप कापते.

"तिचा श्वास मी कापीन," फीतवाले म्हणाले. "तुझ्या त्या कॉम्प्युटरच्या उंदराचे दात नकोत तिथं."

"आमचा उंदीर कापलेलं परत जोडतोसुद्धा, बाबा."

"मग मी काय आयुष्यभर भाजी कापली?"

फीत फार जुनी होती. यंत्रावरून गेली की तिचा तपकिरी लेप सुटायचा, आणि आवाज काय तो त्या लेपातच असतो. म्हणूनच त्यांना वाटलं, झिजायचं ते शब्दांनी झिजावं. आलापाला यंत्र लागूच नये. तो आधीच कापून घेऊ, डब्यात अख्खा राहील. पोटच्या पोराला पदराखाली घ्यावं, तसा त्यांनी तो वाचवायला घेतला.

आलाप यंत्राला न टेकवता त्यांनी चाकं हातानं फिरवली, अंदाजानं पहिला शब्द शोधला आणि ब्लेड टेकवलं. कापलेली फीत वेढे घालून गळ्यात अडकवली. ही त्यांची जन्माची रीत. काम संपेतो तुकडा गळ्यात, म्हणजे पायाखाली जात नाही. आवाज नको म्हणून पंखा बंद. बंद खोलीत घाम मानेवरून ओघळत राहिला. उरलेलं गाणं लेकीनं कॉम्प्युटरवर घेतलं आणि दुपारीच विक्रीला लावलं.

संध्याकाळी ती धावत आली. कुणीतरी घेतलं होतं. मग आणखी कुणी. बोलता बोलता आणखी एक. आई उठून बसली. किती दिवसांनी तिच्या गालावर रंग आला. तिनं खुणेनं गाणं मागितलं, इयरफोन कानाला लावले, डोळे मिटले.

आणि लगेच उघडले.

"सुरुवात कुठाय?" तिनं कुजबुजून विचारलं.

"आहे की. जपून ठेवलीय," म्हणत फीतवाल्यांनी तेव्हापासून गळ्यातच राहिलेला वेढा काढला.

फीत हातात आली ती काचेसारखी. आरपार त्यांना स्वतःची बोटं दिसली. त्यांनी ती उजेडाला धरली, उलटी केली, दुसरं टोक बघितलं. सगळीकडे तेच. लेप घामानं सुटून मानेवर, कॉलरवर, शर्टाच्या पुढ्यावर भुकटी होऊन उतरला होता.

"बाबा, याची नक्कल?" लेकीनं विचारलं. फीतवाल्यांनी नाही म्हणून मान हलवली.

आईनं तोंड उघडलं. आलाप तिला पाठ होता, तिचाच तो. पोट आत ओढलं, मान वर केली, गळ्याच्या शिरा ताठल्या. बाहेर आली नुसती हवा. तिनं पुन्हा श्वास घेतला. पुन्हा हवा. लेकीच्या हातातला फोन टिणटिणला, आणखी कुणीतरी गाणं घेतलं होतं. फोनकडे कुणी बघितलं नाही.

मग आई दमली. नवऱ्याची कॉलर मळलेली दिसली, तशी तिनं जन्माच्या सवयीनं ती झटकायला हात पुढं केला. फीतवाल्यांनी तिचं मनगट धरलं.

"नको गं," ते म्हणाले. "झटकू नकोस."