नातीच्या स्वागताचा ढोल

चऱ्होलीत छबूबाईंना मोबाईल कशाला लागतो, असं लोक चेष्टेनं विचारायचे. त्यांनी अंगणातून हाक मारली की नदीपलीकडचा माणूस ट्रॅक्टर बंद करून वळून बघायचा. अशा बाईला गेले दोन आठवडे पिंपरीच्या एका दवाखान्यात कुजबुजत बोलावं लागत होतं. नातीसाठी त्या तेही करत होत्या.

नात जन्मली आणि दुसऱ्याच दिवशी थरथरू लागली. सून दिव्या मागे गाडीवरून पडली होती, तेव्हापासून तिची कंबर धरायची. चाकणच्या कंपनीत दिवसभर उभं राहायचं, म्हणून ती मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या घ्यायची. दिवस गेले तरी गोळ्या सुटल्या नाहीत. त्यांत अफूच्या जातीचं औषध आहे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. नाळ कापली आणि बाळाला पोटात मिळणारं ते औषध एकदम बंद झालं. मग सुरू झालं ते चिरकं रडणं. हातपाय ताठ, दूध ओढता येईना, डोळ्याला डोळा लागेना.

डॉक्टरीणबाईंनी औषधाचे थेंब सुरू केले, हळूहळू कमी केले आणि परवा बंद केले. बाकी उपाय घरगुतीच म्हणायचे: अंधारी खोली, घट्ट दुपटं आणि कुणाच्या तरी छातीची ऊब. ही ऊब छबूबाई द्यायच्या, नाहीतर आम्रपाली सिस्टर. दिव्या दूध पाजायची आणि बाळ लगेच परत द्यायची. ते रडायला लागलं की हात मागे घ्यायची. "माझ्यामुळेच झालंय हे," एवढंच म्हणायची.

आज डॉक्टरीणबाई शेवटचं बघणार होत्या. बाळ दूध पितंय, झोपतंय आणि रडलं तर दहा मिनिटांत शांत होतंय, असं दिसलं की घरी. नाहीतर थेंब पुन्हा सुरू. छबूबाई सकाळपासून नवं लुगडं नेसून तयार होत्या. आनंद पोटात मावत नव्हता. बाळ पोटभर प्यालं, गाढ झोपलं. डॉक्टरीणबाई हसल्या. आणि तेवढ्यात खिडकीखाली ढोल वाजला.

एक नव्हे, अख्खं पथक. शेजारी फुलांनी भरलेला जेसीबी. पुतण्या कुलदीप सगळं घेऊन आला होता, आणि त्याला हे फर्मावलं होतं खुद्द छबूबाईंनीच, दिव्याला सातवा लागला तेव्हा. मधल्या धांदलीत ते रद्द करायचं त्या साफ विसरल्या होत्या.

बाळ दचकून जागं झालं आणि किंचाळलं. सिस्टर खिडकी लावायला धावल्या, पण ती पुरती लागेना. डॉक्टरीणबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. छबूबाईंनी बाळ उचललं आणि सरळ दिव्यासमोर धरलं.

"धर."

"आई, मी नको! ती अजून रडेल. सिस्टरांना द्या."

"धर म्हनते ना! ती पोरं माझ्याबिगर कुनाचं ऐकनार न्हाईत."

बाळ दिव्याच्या छातीवर टेकवून छबूबाई जिना उतरल्या, ओचा खोचून, या वयात. खाली पोचल्यावर सवयीनं तोंड उघडलं आणि गपकन मिटलं. आपला आवाज ढोलापेक्षा लांब जातो, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्या तशाच गर्दीत घुसल्या आणि सगळ्यात मोठ्या ढोलावर दोन्ही तळवे दाबून उभ्या राहिल्या. तो वाजवणाऱ्या सनीचं टिपरू हवेतच थांबलं. मग शेजारचा ढोल थांबला, मग ताशे.

"काकी, काय झालं? नात घरी येतीय ना?" कुलदीप म्हणाला.

छबूबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. वरून रडणं ऐकू आलं. तान्हं बाळ असं रडतं हे त्या पोरांना माहीत नव्हतं. त्यांच्या माना खाली गेल्या. जेसीबीवाल्यानं न सांगता इंजिन बंद केलं. छबूबाईंचे तळवे ढोलावरच होते. मिटल्या तोंडानं त्या कुलदैवताला हाका मारत होत्या.

रडणं चढलं. मग मधेच तुटलं. एक हुंदका, आणखी एक बारीक हुंदका, आणि मग काहीच नाही. कुलदीपनं आनंदानं ओरडायला हात वर केले, तर काकीनं त्याला असा चिमटा काढला की तो जागच्या जागी नाचला.

छबूबाई धापा टाकत वर आल्या. दिव्या खुर्चीत बसली होती. गाऊनच्या आत, उघड्या छातीशी बाळ झोपलं होतं.

"घरी न्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत."

दिव्याच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. "आई, मी काहीच केलं नाही हो. नुसती धरली. माझ्याजवळ गप्प झाली ती."

छबूबाईंना वाटलं, आळंदीपर्यंत ऐकू जाईल असं ओरडावं. पण त्या वाकल्या आणि सुनेच्या कानाशी कुजबुजल्या, "मग कुनाजवळ व्हनार? आय हाईस तिची."

खाली पोरांनी ढोल भिंतीला टेकवून ठेवले होते आणि जेसीबीतली फुलं ओंजळीनं पायऱ्यांवर पसरली होती. निघताना छबूबाईंनी सवयीनं बाळ घ्यायला हात पुढे केले. दिव्यानं मान हलवली, दुपटं नीट केलं आणि लेकीला घेऊन स्वतःच जिना उतरू लागली.