बंद बेल

अण्णांना वृद्धाश्रम दाखवायला मुलगा आणि मुलगी दोघंही आली होती. तिथल्या मॅडम तोंडात साखर घोळवत सगळं दाखवत होत्या. मुलगा बागेवरच खूश झाला, पण मुलगी कसली ऐकतेय! ती थेट खोलीतल्या बाथरूममध्ये शिरली. फरशी ओली होती, धरायचा दांडा हलत होता. तिने भिंतीवरची मदतीची बेल दाबली. बराच वेळ कुणी फिरकलंच नाही.

"ती बंदच ठेवतो," मॅडम हसून म्हणाल्या. "ही माणसं उगाच दाबत बसतात हो."

मुलीचा पारा चढला. "उद्या अण्णा इथे पडले तर? दादा, यांना इथे ठेवायचं नाही!"

"मग ने तुझ्याकडे," दादा म्हणाला.

तिच्या घरात जागा होती, पण नवऱ्यापाशी विषय काढायची तिची छाती नव्हती.

कॉटवर बसलेले अण्णा म्हणाले, "राहतो मी इथेच. घरी तरी हाकेला कोण ओ देतं? यांनी निदान तोंडावर सांगितलं."

दादा गाडीतून त्यांची बॅग घेऊन आला. ती त्याने सकाळीच भरून ठेवली होती. बहीण अण्णांचे कपडे कपाटात लावू लागली.