जिवंत माणसाचं पांढरं

ते १९५८ साल होतं. फ्रेंचांना आमच्या देशातून जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि माझा भाऊ अल्लाल परमुलखात, ओरानच्या द्राक्षमळ्यात जळून मेल्याची बातमी येऊन दोन महिने. बातमी आणणारा माणूस त्याच्याबरोबरच मजुरीला गेलेला होता. गोदामाला आग लागली, ओळखण्यासारखं काही उरलं नाही, असं त्यानं दारातूनच सांगितलं आणि चहालाही न थांबता तो निघून गेला.

आमच्या फेज शहरात नवरा गेला की बाई पांढरं घालते. अंगरखा पांढरा, तोंडावरचा रुमाल पांढरा, पायातल्या सपाता पांढऱ्या. चार महिने आणि वर दहा दिवस. काजळ नाही, मेंदी नाही, आणि रात्र घराबाहेर काढायची नाही. झोहरवहिनीला ते कपडे आईनं स्वतःच्या हातांनी चढवले. वहिनी तेव्हा बावीसची होती, मी सतरा. तिला मूलबाळ नव्हतं.

एका सकाळी शेजारची ह्निया नव्या पिवळ्या सपाता दाखवायला आली. वहिनीनं सहज एक हातात घेतली, टाचेच्या आतली शिवण बघितली आणि सपात खाली ठेवेचना. ओरानला जाण्याआधी अल्लाल सपाता शिवायचा, आणि शिवायचा डाव्या हातानं. त्याचे टाके इतरांच्या उलट बाजूला झुकायचे. ह्या सपातेचे टाके तसेच होते, आणि दोरा अजून पांढराशुभ्र होता, म्हणजे शिवण ताजी होती.

"ही एक मला संध्याकाळपर्यंत दे," वहिनी म्हणाली.

"एकच ने," ह्निया म्हणाली. "दुसरी माझ्याकडे राहू दे, नाहीतर तू त्या नेऊन विकशील."

आईला आम्ही दर्ग्यात जातो म्हणून सांगितलं. "सूर्य बुडताना मगरिबची अजान होते, त्याआधी उंबऱ्याच्या आत," आई म्हणाली. "विधवा आहेस, विसरू नकोस." गल्लीच्या वळणावर वहिनीनं माझा हात धरला. मग म्हणाली, "बतूल, तो जिवंत असला ना, तर हे पांढरं मी आजच उतरवते. भर बाजारात उतरवीन."

उन्हाळा असा होता की भिंतींना हात लावला तर चटका बसे. आमच्या गल्ल्या म्हणजे दोन माणसं आणि एक खेचर समोरासमोर आली की कुणीतरी दारात शिरायचं. पण त्या दिवशी लोक आमच्यासाठी बाजूला होत होते. पांढरे कपडे बघून मसालेवाले उठून उभे राहत, छातीवर हात ठेवत. "अल्ला तुझं दुःख हलकं करो, बाई." खेचरवाला "बाजू, बाजू!" ओरडत यायचा आणि आम्हाला बघून खेचरालाच शिव्या द्यायचा. वहिनी न थांबता चालत होती. दिवंगताची विचारपूस पांढऱ्या कपड्यांत केली तर लोक रडतात. जिवंताची केली तर? कुणी नीट ऐकूनच घेत नव्हतं.

सपातावाल्यांच्या गल्लीत आम्ही दारोदार फिरलो. प्रत्येक दुकानात तेच. "अल्लाल? बिचारा! फार चांगला होता हो." अल्लाल फारसा चांगला नव्हता, आळशी होता, पण मेल्यावर त्याला सगळ्यांनी चांगला करून टाकलं होतं. एकानं तर आम्हाला बसवून घेतलं आणि स्वतःच्याच मेलेल्या भावाची गोष्ट सांगत बसला. वहिनीनं ती पूर्ण ऐकली. उठताना तिला गुडघ्यावर हात टेकावा लागला.

दुपारी उस्ताद जिलालींकडे पोचलो. अल्लाल त्यांच्याच हाताखाली शिकलेला. त्यांनी सपात घेतली, उजेडाकडे धरली, अंगठा शिवणीवरून फिरवला. मग ती खाली ठेवून म्हणाले, "घरी जा."

"उस्ताद, त्याचीच आहे ना?"

"डावरा मी एकच शिकवला. फटके देऊनसुद्धा उजव्यावर आला नाही मेला..." ते थबकले. "अल्ला त्याला जागा देवो."

"म्हणजे त्याचीच."

"पोरी, एका शिवणीवरून मी मेलेल्याला उठवू का? दुसऱ्याच कुणाची निघाली तर तुला दुसऱ्यांदा विधवा कोण करणार, मी?"

त्यांनी आमच्यासाठी वाटाण्याचं घट्ट सूप आणि भाकरी मागवली. वहिनीनं बोटभर खाल्लं. मी तिचं राहिलेलंही संपवलं. मला तेव्हा सतत भूक लागायची.

तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर सपातांचा लिलाव सुरू झाला. आमच्याकडे लिलाव एका जागी बसून होत नाही. दलाल हातावर सपातांची चळत घेऊन दुकानांपुढून धावतो, शेवटची बोली ओरडत, आणि ज्याला वाढवायची तो वाढवतो. थामी दलाल सगळ्यांत जोरात धावायचा. वहिनी त्याच्या वाटेतच उभी राहिली.

"बाई, सरका! नवीन सपाता हव्यात का? माझ्याकडे सगळ्या पिवळ्या आहेत, तुम्हाला चालणार नाहीत."

वहिनीनं ह्नियाची सपात त्याच्या नाकासमोर धरली. "ही तुझ्याकडची?"

"असेल. मी काय पोरं मोजतो का माझी?"

"शिवण बघ, थामी. मी अल्लालची बायको."

थामीचा चेहरा पडला. "वहिनी! मी तुमच्या घरी साखरेची ढेप पाठवली होती दुखवट्याला. मोठीतली."

"पोचली. आता ह्या कुणी दिल्या ते सांग."

दलाल शिवणाऱ्याचं नाव सांगत नाही, तो त्यांचा रिवाजच आहे. थामी इकडेतिकडे बघत राहिला. एखाद्या रंगीत कपड्यातल्या बाईला त्यानं हाकललं असतं. पांढऱ्यातल्या बाईला नाही म्हणणं त्याला जड गेलं. शेवटी म्हणाला, "पुरुषाला मी बघितलेला नाही. एक बाई आणून देते. बोलणं ओरानकडचं आहे. नदीपलीकडे बाब फ्तूहच्या वेशीजवळ खेचरांची सराई आहे ना, तिथून येते."

वहिनीनं मान हलवली. तिला तेव्हाच कळलं असणार. तरी ती चालत राहिली.

नदीपलीकडचा चढ मी आयुष्यात हजारदा चढले असेन, पण त्या दिवसासारखा कधी लांबला नाही. चामडं कमावणाऱ्यांच्या हौदांचा वास उन्हात घट्ट झाला होता. वहिनीच्या पांढऱ्या सपातेत टाचेला रक्त आलं होतं. "बसूया थोडं," मी म्हटलं. "बसले तर उठणार नाही," ती म्हणाली.

सराईच्या वरच्या मजल्यावर, शेवटच्या खोलीत, दार उघडं होतं. माझा भाऊ चटईवर बसून टाचेला टाके घालत होता. डाव्या हातानं. जाड झाला होता. जवळ एक लहान मुलगी कातड्याच्या तुकड्यांशी खेळत होती आणि एक बाई चुलीशी होती.

अल्लालनं वर बघितलं आणि त्याच्या हातातली आरी पडली. तो आधी माझ्याकडे बघेल असं मला वाटलं होतं. तो नुसता त्या पांढऱ्या कपड्यांकडे बघत होता.

"बिस्मिल्ला, बिस्मिल्ला... काढ ते! कुणासाठी घातलंस?"

"तुझ्यासाठी," वहिनी म्हणाली.

"जिवंत माणसासाठी कुणी पांढरं घालतं का? मरेन मी!"

"तू मेलास असं तूच कळवलंस ना?"

तो पडलेली आरी शोधू लागला. चुलीजवळच्या बाईनंच सांगितलं. तिचं नाव यामिना. तिचा नवरा तिकडे फ्रेंचांशी चाललेल्या लढाईत गेला, तेव्हा मुलगी पोटात होती. अल्लालनं तिच्याशी निकाह लावला आणि सगळे इकडे आले. "मी रोज म्हणते, घरी जा. दुसरी केली, कुठे गुन्हा केला?" ती म्हणाली. "पण ह्यांना आईची भीती."

"मग मेल्याचा निरोप?" मी विचारलं.

अल्लाल मान खाली घालून म्हणाला, "बतूल, तुला आई माहीत आहे ना."

मला हसू आलं, आणि लगेच इतकं थकल्यासारखं झालं की मी भिंतीला टेकले. एवढा मोठा माणूस. आईच्या तोंडाला तोंड देण्यापेक्षा त्याला मरणं सोपं वाटलं होतं.

यामिनानं पाणी दिलं. वहिनी ते प्यायली, मग तिनं भांडं परत दिलं, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला.

"झोहर, काढ ते," अल्लाल पुन्हा म्हणाला. आता त्याचा आवाज रडवेला होता. "घरी येतो मी. तुला वेगळी खोली देतो. पण हे आत्ता काढ."

"सकाळपासून हे काढण्यासाठीच चालले," वहिनी म्हणाली. "पण दोन महिने मी ज्याच्यासाठी रडले तो तू नव्हेस. तो मेलाय. त्याचे दिवस पुरे करते. आईला मी काही सांगणार नाही. ते तुझं तू सांग."

उतार उतरताना ती माझ्या खांद्यावर भार टाकून चालली. अजान सुरू झाली तेव्हा आम्ही आमच्या गल्लीत होतो. आईनं विचारलं, "दर्ग्यात गर्दी होती?" वहिनी म्हणाली, "होती."

आठवडा उलटायच्या आत अल्लाल स्वतःच आला. आईच्या ओढीनं नाही, वहिनीच्या पांढऱ्यानं आपला जीव जाईल ह्या धास्तीनं. आईला आधी भूत वाटलं. मग खात्री पटल्यावर तिनं भाकऱ्या भट्टीवर न्यायची फळी घेऊन त्याला अंगणभर पळवलं. वहिनीनं मात्र शेवटच्या दिवसापर्यंत पांढरं उतरवलं नाही. जिवंत नवऱ्याचा दुखवटा पाळणारी बाई बघायला गल्लीतल्या बायका काहीतरी उसनं मागायच्या निमित्तानं येत. मुदत संपल्यावर तिनं नमाजाआधी स्नान केलं, निळा अंगरखा घातला आणि तलाक मागितला. तो काझीच्या दोन लेखनिकांच्या साक्षीनं झाला. अल्लालनं खळखळ केली नाही.

अल्लाल त्यानंतर एकतीस वर्षं जगला, आणखी जाड झाला. यामिना आईची इतकी लाडकी झाली की शेवटच्या आजारात आई माझ्या हातचं खात नसे, तिच्याच हातचं खाई. ती छोटी मुलगी मेक्नेसला दाई आहे. उस्ताद जिलाली पुढच्याच हिवाळ्यात गेले. थामीचे पाय गेले तरी तो लिलावात येऊन बसे आणि तरुण दलालांना हळू धावता म्हणून हिणवी.

झोहर माहेरी सफ्रूला गेली. तिनं एका शाळेतल्या मास्तरांशी लग्न केलं, तीन मुलगे झाले. चेरीच्या दिवसांत ती मला टोपली पाठवायची. मास्तर गेले तेव्हा मी दुखवट्याला गेले होते. ती पांढऱ्यात बसली होती, डोळे सुजलेले. मला बघून तिनं जवळ बसायला जागा केली आणि म्हणाली, "ये बतूल. ह्या खेपेला खरं आहे गं."