इत्तोचा वरचा तुकडा

पाटातला दगड बाजूला सारून इत्तोनं पाणी आपल्या शेताकडे वळवलं आणि ते सलगमाच्या वाफ्यात शिरेपर्यंत कुदळीवर हात टेकून ती उभी राहिली. अ‍ॅटलस पर्वताच्या त्या उतारावर बाकी सगळीकडे आता सफरचंदाचीच झाडं होती.

शेजारचा बास्सू बांध उतरून आला. इत्तोचा खालचा तुकडा त्याला बरेच दिवस हवा होता.

"इत्तोकाकी, केवढंसं रान, त्यात अख्खा बाजार मांडलायस! एकटीच्या पोटाला लागतं तरी किती?"

"सलगम सासूबाईंना लागतात. दात नव्हते ना त्यांना."

"त्या जाऊन किती वर्षं झाली, काकी?"

"मका तुदाला. मसूर झैदला. अन् शेळ्या तुझ्या काकांच्या. सकाळी ते दूध पोटात गेल्याशिवाय त्यांचं पान हलायचं नाही."

काकांना मागच्याच हिवाळ्यात पुरलं होतं. लेक तुदा माराकेशला नांदत होती. मुलगा झैद कासाब्लांकात गवंडीकाम करायचा; मसुराचं नाव त्यानं कित्येक दिवसांत काढलं नव्हतं.

बास्सूच्या आवाजातली चेष्टा ओसरली.

"आणि तुला गं? तुला काय आवडतं?"

वाफा भरून पाणी वाटेवर आलं, तरी इत्तोचं लक्ष नव्हतं. शेवटी बास्सूनंच वाकून पाणी तोडलं.

पानगळीत तिनं शेळ्या विकल्या, खालचा तुकडा बास्सूला कसायला दिला.

"बरं केलंस, आई," झैद फोनवर म्हणाला.

एके सकाळी दाराला कडी घालून ती खिंडीपलीकडे माहेरी गेली. आईबाप केव्हाच गेले होते. भावजयीनं चहा ओतला, बियाण्याची पुरचुंडी पुढे केली आणि हसली.

"मूठभर वाटाण्यासाठी एवढी तंगडतोड, वन्सं? बाजारात काय कमी मिळतो?"

"तो वेगळा," इत्तो म्हणाली.

वसंतात वरच्या तुकड्यात वाटाणा कमरेला लागला. इत्तोनं एक शेंग तोडून अंगठ्यानं फोडली. दाणे कोवळे होते, दुधाळ. कुणाला तरी हाक मारावी म्हणून ती वळली. बांधावर कुणीच नव्हतं.

मग तिनं ते सगळे दाणे तिथंच, उभ्या उभ्या खाल्ले आणि दुसऱ्या शेंगेला हात घातला. त्या दिवशी घरी तिनं काहीच नेलं नाही.