चोरीला गेलेला सां जोझे

सगळं उमारी गाव पावसासाठी देव पाण्यात घालून बसलं होतं आणि लिंदाल्वा एकटी पाऊस पडू नये म्हणून नवस बोलत होती. कुणाला कळलं असतं तर गावाने तिला उचलून धरणात टाकली असती. धरण इतकं आटलं होतं की त्यासाठी लोकांना बरंच आत चालावं लागलं असतं, ही गोष्ट वेगळी.

तिचं म्हणणं साधं होतं. धरणात तिचे चिलापीचे चार पिंजरे होते. मासे हातभर झाले होते आणि गुड फ्रायडेला ते गावाच्या ताटात पडायचे होते. त्या दिवशी उमारीत कुणी मटणाला शिवत नाही. तोवर मासे जगले पाहिजेत, एवढंच तिला हवं होतं. गेल्या वर्षी पहिलाच पाऊस कोसळला आणि सकाळी बघते तर सगळे मासे पोट वर करून तरंगत होते.

"दृष्ट लागली गं," शेजारचा व्हाल्देसिर तेव्हा म्हणाला होता.

"दृष्ट नाही, तुझं खत लागलं," लिंदाल्वा म्हणाली होती.

तिचं खोटं नव्हतं. पूर्वी धरणाच्या काठाला काटेरी झुडपांचं रान होतं. पाऊसही माणसासारखा यायचा, दमादमाने. आता वर्ष वर्ष तोंड दाखवत नाही आणि येतो तेव्हा कुणीतरी वरून पिंप उपडं केल्यासारखा. त्यात व्हाल्देसिरने काठावरचं रान तोडून पार पाण्याच्या ओठापर्यंत खरबुजं लावली. पहिल्या सरीबरोबर त्याच्या शेतातली माती, खत, शेण सगळं धरणात. पाणी तर आधीच पोपटी झालेलं. त्यात ही घाण आली, तळ ढवळला, की माशांचा श्वासच कोंडायचा. हे सांगायला शहाणा लागत नाही, पण ऐकायला लागतो, आणि व्हाल्देसिर तसा नव्हता.

पावसाच्या संताचा, सां जोझेचा, सण कोरडा गेला तसं गावाचं तोंड उतरलं. त्या दिवशी पाऊस नाही म्हणजे वर्ष गेलं, असं इकडे समजतात. मग उपाय एकच उरतो. शेजाऱ्याच्या घरचा सां जोझे, म्हणजे त्याची मूर्ती, चोरायचा. घरची ओढ लागली की संत पाऊस पाडतो, आणि पाऊस पडला की चोर गाजतवाजत त्याला घरी पोचवतो. तोवर ज्याचा संत गेला त्याने चोर कोण हे विचारायचं नसतं आणि चोराने कबूल करायचं नसतं.

एका सकाळी लिंदाल्वाच्या घरचा कोनाडा रिकामा दिसला. खाली खरबुजाच्या बिया सांडल्या होत्या.

"मेल्याला चोरीसुद्धा धड करता येत नाही," ती म्हणाली आणि कामाला लागली. पण तिचं मन काही लागेना. तिचा सां जोझे मोठा घरकोंबडा होता. परक्या घरी तो आठवडाभरही राहणार नाही, पाऊस पाडून मोकळा होईल, याची तिला खात्री होती.

म्हणून भर दुपारी, गाव घोरत असताना, ती स्वतःचाच देव चोरायला निघाली. व्हाल्देसिर घरात टांगलेल्या झोळीत तोंड उघडं टाकून पडला होता. भिंतीवर त्याचा सांतो आंतोनियो खाली डोकं वर पाय करून टांगलेला. हा लग्नं जुळवणारा संत, आणि विधुर व्हाल्देसिरला चर्चच्या गायनमंडळातल्या एउदोसियाशी लग्न करायचं होतं. होकार मिळेपर्यंत संताला उलटं लटकावं लागणार होतं. लिंदाल्वाला त्याची दया आली. तिचा सां जोझे कसाव्याच्या पिठाच्या डब्यात गळ्यापर्यंत रुतला होता. तिने त्याला उपसून धुण्याच्या घमेल्यात ठेवला, वर टॉवेल टाकला आणि घमेलं डोक्यावर घेऊन चालू पडली.

वळणावर वाऱ्याने टॉवेल उडाला. समोर एउदोसिया उभी.

"अगं बाई, सां जोझे घरी निघाला?"

"नाही गं, हे आपलं..."

"म्हणजे पाऊस पडला!"

"कुठे पडला? आभाळ बघ की."

"इथे नसेल, वर नदीच्या उगमाला पडला असेल. संत उगाच घरी जातो होय?" एउदोसियाने तिथेच गाणं उचललं. खिडक्या उघडल्या, ढोल आला, कुणीतरी फटाक्याचा बाण सोडला. बघता बघता लिंदाल्वाच्या मागे अख्खं गाव, आणि गावाच्या मागे एका पायात चप्पल घातलेला व्हाल्देसिर.

"थांबा! मी अजून परत... म्हणजे, चोराने अजून परत दिलेला नाही!"

"तुला काय ठाऊक?" एउदोसियाने विचारलं.

दोघं चोर एकमेकांकडे खाऊ की गिळू असे बघत मिरवणुकीत चालत राहिले.

धरणाच्या काठाशी आले आणि ढग गडगडले. सां जोझेला खरोखरच घरची ओढ होती. पहिला थेंब लिंदाल्वाच्या नाकावर पडला तशी गावाने आरोळी ठोकली आणि ती मटकन चिखलात बसली. तिला रडू कोसळलं.

"आनंदाने रडते बिचारी," कुणीतरी म्हणालं.

"आनंद कसला डोंबलाचा! माझे मासे मरतील आता. आज रात्रीत मरतील सगळे."

तेवढ्यात व्हाल्देसिरच्या शेतातून लाल पाण्याचा लोट फेसाळत उतरला. त्यात खताची फाटकी पोती होती आणि खरबुजं टणाटणा उड्या मारत येत होती. पिंजऱ्यांत मासे वर येऊन तोंडं उघडमीट करू लागले. एउदोसियाने ते पाहिलं, सां जोझे व्हाल्देसिरच्या हातात कोंबला आणि घमेलं घेऊन थेट पाण्यात शिरली. मग मिरवणूकच पाण्यात शिरली. ढोलाचं कातडं काढून त्यातही मासे भरले. व्हाल्देसिर संताला खांद्यावर घेऊन कमरेइतक्या पाण्यात जाळं ओढत होता आणि त्याचीच खरबुजं त्याच्या पोटात ढुशा देत होती. त्याने दृष्टीचं नाव काढलं नाही.

तीन पिंजरे वाचले, चौथा गेला. वाचलेले मासे गावाने मिळून साफ केले, मीठ लावून ठेवले. गुड फ्रायडेला उमारीने खारी चिलापी खाल्ली आणि घागरभर पाणी प्यायलं.

त्यानंतर लगेच व्हाल्देसिरचा सांतो आंतोनियो नाहीसा झाला. एउदोसियाच्या होकाराचं आता कसं व्हायचं? विचारायची सोय नव्हती. लिंदाल्वा मात्र येताजाता मोठ्याने सांगायची, "चोर म्हणतोय म्हणे, काठावर बकरीला सावली होईल एवढं रान उठलं की संत घरी येईल."

व्हाल्देसिरने पाण्याकडच्या खरबुजांच्या ओळी उपटल्या, रोपं लावली आणि सकाळ-संध्याकाळ बादलीने पाणी घालू लागला. पुढच्या वर्षी तो एक करडू काखेत मारून आला आणि त्याला एका झुडपाखाली बसवलं.

"ही बघ सावली."

"हे करडू आहे. चोर बकरी म्हणाला होता," लिंदाल्वा म्हणाली.

"तू चोराला ओळखतेस का?"

"मी कशाला ओळखू?"

मागून एउदोसिया हसली. "वाढू दे सावकाश," ती म्हणाली. "मी कुठे पळून चाललेय?"

व्हाल्देसिर बादली घेऊन पुन्हा पाण्याकडे गेला. लिंदाल्वाच्या घरी पिठाच्या डब्यात सांतो आंतोनियो गळ्यापर्यंत रुतून, पण कितीतरी वर्षांनी डोकं वर करून, उभा होता.